आईंचा ऑडिओग्रॅम

सोमवार, ९ जानेवारी

चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीकडून यंदाही डायरी आली, ह्यांच्या नावाने. दुकान बंद झालं हे त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. कळवायचं काम माझंच होतं. कोरी डायरी टाकवेना, म्हणून लिहायला घेतली. मला लिहायची सवय नाही. कामावर मुलांचे अहवाल लिहिते तेवढंच.

त्यामुळे सुरुवात कामापासूनच करते. आमच्या केंद्रात, ज्या लहान मुलांच्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलंय, त्यांचं पुढचं सगळं होतं. यंत्र बसवलं की मूल ऐकायला लागलं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. यंत्र आवाज आत पोचवतं. त्यातली दाराची घंटा कुठली आणि आईची हाक कुठली, हे मुलाला शिकावं लागतं, आणि त्यानंतर बोलणं. ते शिकवायला मी.

सध्या माझ्याकडे नऊ मुलं आहेत. आठांची चिंता नाही. त्यातला एक तर इतका बोलतो की त्याची आजी विचारत होती, यंत्र थोडं कमी करता येतं का.

नववी भिंगरी. हे नाव आम्ही ठेवलेलं. काही हवं असलं की ती जागच्या जागी गोल फिरते. आता पाच वर्षांची होईल. मी रजेवरून परत आले तेव्हाची माझी ही पहिली मुलगी. ऐकू छान येतं तिला. रोज सुरुवातीला आम्ही तोंडासमोर हात धरून सहा आवाज काढतो: आ, ई, ऊ, म, श, स. आवाज ऐकू आला की मुलाने खुंटीवर कडं टाकायचं. भिंगरीचं एक कडं चुकत नाही. पण सहा महिने झाले, तिच्या तोंडून एक शब्द नाही. शब्द सोडा, मुद्दाम काढलेला आवाजही नाही.

फेब्रुवारीअखेर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, तिची तपासणी घेणार आहेत. तोवर आवाज फुटला नाही तर तिला दुसऱ्या शहरातल्या निवासी शाळेत पाठवायचं, असं ठरतंय. तिथे हातांची भाषा शिकवतात. भाषा चांगली आहे, मलाही थोडी येते. पण तिथे वसतिगृहात राहावं लागतं. पाच वर्षांच्या मुलीला, आईपासून लांब.

मी मोठ्या बाईंना सांगून ठेवलंय, मार्चनंतर मला मोकळं करा. माझ्या हातून आता होत नाही. कारण विचारलं तर सांगता आलं नाही.

बुधवार, ११ जानेवारी

घराबद्दलही लिहायला हवं. घरात आता आम्ही दोघी, मी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

पूर्वी आई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे खाती वाटलेली आहेत. डोळे मुलाकडे, कान सुनेकडे. तोंड चालवायला मी एकटी." खरंच होतं ते. हे चष्मे करायचे आणि बोलायचे कमी. मीही तशीच. आमचं भागायचं. मी इकडेतिकडे पाहायला लागले की चष्मा हातात यायचा. त्यांनी पेला जरा सरकवला की मी पाणी ओतायची. फक्त रात्री जेवताना मी कामावरच्या मुलांच्या गमती सांगायची. तेवढं माझं दिवसाचं बोलणं. हे हसायचे आणि आई मध्येमध्ये टोमणे मारायच्या.

आता जेवण लवकर आटपतं.

आज भाजीत मीठ कमी होतं. मिठाची बरणी आईंच्या कोपरापाशी. मी बरणीकडे पाहिलं. आई जेवत राहिल्या. मी पुन्हा पाहिलं.

"काय हवंय?" आई म्हणाल्या.

"मीठ."

"काय?"

"मीठ द्या जरा."

"अगं, पुटपुटतेस काय? मला ऐकू येत नाही हल्ली."

तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हणाले की माझाच आवाज मला परका वाटला. मग बरणी मिळाली. हे सहा-सात महिन्यांत वाढत गेलंय. वयाने ऐकणं कमी होतंच, पण इतक्या झपाट्याने व्हायला नको. आमच्याकडे येऊन तपासून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. "मेल्या मुडद्यांच्या त्या पेटीत मी नाही बसणार," म्हणतात. कान तपासायच्या आवाजबंद खोलीला त्या पेटी म्हणतात.

मंगळवार, १७ जानेवारी

भिंगरीने आज स्वतःचा कान कपाटाला लावून ठेवला.

यंत्राचा बाहेरचा भाग लोहचुंबकाने डोक्याला चिकटतो. तो काढून तिने खेळण्यांच्या लोखंडी कपाटाला चिकटवला आणि पाणी प्यायला निघून गेली. आमचे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासणारे, दारातून ओरडले, "अरे वा! आज कपाटाची तपासणी का?" त्यांचा आवाजच तसा आहे. सगळं केंद्र त्यांना डेसिबल म्हणतं. ह्यांचे ते शाळेपासूनचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. मजला हादरेल इतक्या मोठ्याने.

भिंगरीची आई हसली नाही. ती बसमध्ये कंडक्टर आहे. सकाळची पाळी संपली की तशीच गणवेशात मुलीला घेऊन येते. घसा कायम बसलेला.

"घरी बोलता ना तिच्याशी?" मी विचारलं.

"ताई, दिवसभर गाडीत ओरडून घरी गेलं की तोंड उघडत नाही हो. आणि तिला काय हवं ते मला कळतंच. बोलायचं काय?"

"तरी बोलत राहा. काम करता करता."

"रविवारी गाडीत घेऊन जाते तिला. माझ्या मागच्या सीटवर बसते. तेवढाच तिला माझा आवाज."

खरं तर मला तिला रागवायला हवं होतं. पण तिला काय हवं ते मलाही कळतं. भिंगरीने साबणाच्या फुग्यांच्या बाटलीकडे मान वळवली की झाकण उघडलेलं असतं. आमचं छान जमतं. ती माझ्या मांडीला टेकून बसते. बाकी वेळ ती लाकडी बस घेऊन खेळते. बाहुल्यांना ओळीने बसवते, कागदाचे तुकडे फाडून प्रत्येकीला तिकीट देते. सगळं अगदी गुपचूप.

रविवार, २२ जानेवारी

दुपारी आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. दार लोटलेलं. गॅसवर दूध होतं आणि मी गॅलरीत. दूध वर आलं तसं आतून हाक आली, "दूध!"

मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं, उंच स्वरांचं ऐकणं आधी जातं, खालचे स्वर टिकतात. दूध उतू जाताना खालच्या पट्टीत खदखदतं. शेजारच्या घरातलं भांडणही त्यांना भिंतीतून शब्दन्शब्द कळतं, तेही याच कारणाने असणार. भिंतीतून खालचेच स्वर येतात.

फोनवर मात्र कोणाशी तरी हळू आवाजात बोलतात. मी खोलीत गेले की "ठेवते हं" म्हणतात. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला असेल.

एक मला जमत नाही. रात्री आई नळ पूर्ण सोडून भांडी घासतात. दोघींची भांडी ती किती, आणि पाणी धो धो. ऐकू कमी येत असल्यामुळे पाण्याचा अंदाज येत नसावा. मध्ये एकदा मी टॉवेल घेऊन गेले तर म्हणाल्या, "जा तू, झोप." डोळे लाल होते. साबण गेला असेल.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहायला हवं.

तपासणीसाठी मुलांचे व्हिडिओ लागतात, म्हणून डेसिबलनी माझ्या खोलीत कॅमेरा लावला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिंगरीचा व्हिडिओ पाहत बसले. आधी आवाज बंद करून पाहिला. मुलाच्या चेहऱ्याकडे नीट लक्ष जातं, म्हणून आम्ही तसं करतो.

भिंगरी बाटलीकडे बघते. माझा हात बाटलीवर. भिंगरी पेन्सिलकडे बघते. माझ्या हातात पेन्सिल. एकदा तर तिने फक्त श्वास घेतला, ओठ जरासे उघडले, आणि मी तिच्या हातात पेला दिला. ओठ मिटले.

मी ते परत परत मागे नेऊन पाहिलं. ओठ उघडतात. हात येतो. ओठ मिटतात.

आमच्याकडे कामाला नव्याने आलेल्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. मुलाला झाकण बंद करून बाटली द्या. चमचा न देता वाटी द्या. आणि थांबा. कळलं तरी कळलं नाही असं दाखवा. त्याला मागावं लागलं पाहिजे. बोलायची गरज पडली नाही तर कोण बोलेल? इतकी वर्षं मी हेच केलं. मग हिच्याच बाबतीत का नाही?

विचार केला. मला हल्ली कोणी काही मागायच्या आत देऊन टाकावंसं वाटतं. ह्यांनी शेवटच्या दिवशीही काही मागितलं नव्हतं. "बरा आहे" म्हणाले आणि दुकानात गेले.

न मागता देणं घरात चांगलं होतं, ते शिकवायच्या खोलीत चालणार नाही. आता तीन आठवडे उरलेत.

सोमवार, ६ फेब्रुवारी

केलं. फसलं.

फुग्यांची बाटली घट्ट बंद करून भिंगरीसमोर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. बाटली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "काय?" तिने बाटलीवर बोट आपटलं. मी थांबले. ती उठून गोल फिरली, दोनदा, तीनदा. मी थांबले. मग तिचा चेहरा असा झाला, की माझी ओळखीची बाई कुठे गेली. आणि ती रडली. तेही आवाज न करता. नुसतं पाणी.

तिची आई उठली. "द्या ना ताई उघडून! काय झालंय तुम्हाला आज? बसल्या जागी छळताय पोरीला."

मी उघडून दिली. भिंगरीने फुगे उडवले नाहीत. बाटली ठेवून दिली आणि लाकडी बस घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

जाताना तिची आई दाराशी थांबली. "ताई, खरं सांगा. तिकडे ठेवायचंच ठरलंय ना? मला आधी कळलं तर मी बदली तरी मागेन. नाही मिळणार. पण मागेन."

"काही ठरलेलं नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि तिला पटलं नाही.

घरी जेवणावर बसले. आई म्हणाल्या, "तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

"काय?"

"काही नाही म्हटलं."

"अगं, मोठ्यानं बोल."

इतका वैताग आला की मी सगळं सांगितलं. मोठ्याने. व्हिडिओ, बाटली, कोपरा, बदली, सगळं. मध्येमध्ये आई "काय?" म्हणायच्या आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं. शेवटी घसा दुखायला लागला. मी त्यांच्यासमोर एवढं बोलले त्याला खूप महिने झाले असतील. आईंनी दुसऱ्यांदा भाजी वाढली. मी मागितली नव्हती, तरी खाल्ली.

"बस खेळते म्हणालीस?" आईंनी विचारलं.

"हो."

"आणि आई कंडक्टर."

"हो, हो." हे दोन्ही मी एकेकदाच सांगितलं होतं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज आई सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "माझे कान तपासायचे होते ना तुला? घे तपासून."

मी चहा सांडला. कित्येक महिने पाया पडायची बाकी राहिले होते मी.

"पण ती पेटी..."

"बसेन की पेटीत. खाते का ती मला? फक्त ती कंडक्टरीणबाई येते त्या दिवशी ने. बघू तरी कोण ते."

डेसिबलना विचारलं, आईंच्या ऑडिओग्रॅमसाठी, म्हणजे ऐकण्याचा आलेख काढायला, त्यांच्याकडे पुढच्या गुरुवारी वेळ आहे का. ते वही न बघताच "आहे, आहे!" म्हणाले. खूश दिसले. त्यांनाही आईंची काळजी असणार.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

आई आणि मी बसने केंद्रावर आलो. आईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, कान तपासायला. त्यांना बाहेरच्या खोलीत बाकावर बसवून मी आत गेले. डेसिबल म्हणाले, "दहा मिनिटं थांबवा, यंत्र गरम होतंय." आमचं यंत्र गरम व्हावं लागत नाही. पण घाईत माझ्या ते लक्षात आलं नाही.

भिंगरीला हाक मारायला बाहेर आले. बाक आणि खेळण्यांचं कपाट यांच्यामधून जायला एकच चिंचोळी वाट आहे. त्या वाटेत आई पाय पसरून बसल्या होत्या. कधी बसत नाहीत अशा. भिंगरी लाकडी बस ढकलत आली आणि आईंच्या चपलांपाशी अडली.

तिने वर पाहिलं. आई भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र निरखत होत्या.

भिंगरीने बस चपलेवर हळूच आपटली.

"काय गं?" आई म्हणाल्या. "काय हवंय?"

भिंगरीने बोटाने पलीकडे दाखवलं.

"मला काही कळत नाही बाई. म्हातारी आहे मी. ऐकू येत नाही. मोठ्यानं सांग."

मी पुढे झाले. 'आई, पाय घ्या' हे तोंडातच होतं. तेवढ्यात आईंनी माझ्याकडे पाहिलं. फोडणी देताना कोणी मध्ये आलं की पाहतात ना, तसं. मी जागच्या जागी थांबले आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. घट्ट. मग एक बाहेर काढावा लागला, कारण भिंगरीची आई मुलीकडे निघाली होती. मी तिचं मनगट धरलं.

"अहो ताई, ती बस..."

"थांबा," मी म्हटलं. "थोडं थांबा."

भिंगरी गोल फिरली. फिरलं की कोणीतरी काहीतरी देतं. कोणी दिलं नाही. तिने बाहेरच्या खोलीभर पाहिलं. माझ्याकडे, स्वतःच्या आईकडे, दारात उभ्या डेसिबलकडे. मग ती बसच्या मागे जाऊन ताठ उभी राहिली. एक हात वर केला, वरची दांडी धरल्यासारखा.

"चऽऽला!"

आवाज घोगरा, जाड, शेवट अर्धवट चावलेला. पण चाल? चाल अगदी तिच्या आईची. घसा बसलेली, गर्दीला कंटाळलेली, तरी माणसं पुढे सरकवणारी.

"चऽऽला! पुऽऽ चऽऽला!"

माझ्या हातातलं मनगट एकदम सैल पडलं.

आईंनी झटकन पाय आत घेतले. "सरकते हो बाई, सरकते! एवढ्या जोरात कशाला? ऐकू येतं मला."

मग डेसिबल दारातून म्हणाले, म्हणजे वरच्या मजल्यालाही ऐकू गेलं असेल, "वहिनी, झाला तुमच्या सासूबाईंचा ऑडिओग्रॅम!"

त्यानंतर पाऊण तास भिंगरीने खोलीतल्या प्रत्येकाला सरकवलं. आवाज कसला म्हणून मोठ्या बाई बाहेर आल्या, त्यांनाही भिंतीला टेकून वाट द्यावी लागली. भिंगरीच्या आईने गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, मी तिच्याशी बोलत नाही, बोलत नाही म्हणत होते. आणि ही रविवारी मागे बसून सगळं ऐकत होती." मग तिने मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या यंत्रापाशी तोंड नेऊन हळू म्हणाली, "तिकीट?" भिंगरीने एक तुकडा फाडून दिला.

घरी परतताना बसमध्ये आई खिडकीपाशी, मी शेजारी.

"आई, तुम्हाला ऐकू येतं."

"येतं."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आईच बोलल्या. "तूच नाही का सांगायचीस जेवताना? पोर बोलत नसलं की आपण बहिरं व्हायचं, मागितल्याशिवाय द्यायचं नाही. तो किती हसायचा. मी लक्षात ठेवलं. तो गेला आणि तू तोंडाला कुलूप लावलंस. मीठ हवं तर बरणीकडे बघायचीस. बरणी काय बोलणार आहे?"

"आणि डेसिबलना..."

"त्याला मीच फोन करायची. बिचारा फोनवरही ओरडतो, कानाला पदर लावून बोलावं लागायचं."

इतकी वर्षं माणसांचे कान तपासणाऱ्यांच्यात वावरते मी. दुधाचे खालचे स्वर म्हणे! ते पान फाडून टाकावंसं वाटलं. ठेवलंय.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

तपासणी झाली.

टेबलापलीकडे मोठ्या बाई आणि आणखी दोघं. भिंगरी नवीन माणसं पाहून माझ्या कोटात शिरली. बराच वेळ काही नाही. तिची आई दाराशी नखं खात उभी. मी फुग्यांची बाटली काढली, बंद केली, तिच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर पाहिलं. या वेळी तिला माहीत होतं की मी कुठे गेलेली नाही. कोपर तिच्या कोपराला लावून ठेवलं होतं.

भिंगरीने बाटली मला परत दिली. मी म्हटलं, "काय?"

"चला," ती म्हणाली. झाकणाला.

मी झाकण उघडलं. मग पाण्यासाठी चला. खुर्चीवर चढवायला चला. शेवटी मोठ्या बाईंनी पेन खिशात ठेवलं तेव्हा त्यांनाही, चला.

"एकच शब्द आहे," टेबलापलीकडचे एक जण म्हणाले.

"एकच आहे," मी म्हटलं. "पण तो तिला कोणी शिकवला नाही. तिने ऐकून घेतला आणि लागेल तिथे वापरतेय. दुसरा यायला आता वाट आहे."

मोठ्या बाईंनी शेरा लिहिला, वर्षभर इथेच. निवासी शाळेचा विचार नंतर, लागला तर. भिंगरीच्या आईने मोठ्या बाईंना वाकून नमस्कार केला, मला केला, आणि गोंधळून कॅमेऱ्याच्या स्टँडलाही केला असता, डेसिबलनी तो बाजूला घेतला म्हणून राहिलं.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "मार्चनंतर हिला कोणाकडे द्यायची?"

मी गप्प. त्याही गप्प. नुसत्या बघत राहिल्या. थांबणं मी त्यांच्याकडूनच शिकले होते, तेव्हा मी नवीन होते.

"माझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "मी राहते."

शनिवार, २५ फेब्रुवारी

काचांच्या कंपनीला फोन केला. सांगितलं की हे गेल्या मे महिन्यात गेले, दुकान बंद आहे. हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. पलीकडचा माणूस चाचरला. "फार वाईट झालं. साहेबांची ऑर्डर कधी चुकायची नाही. मग... डायरी पाठवणं बंद करू?"

"नको," मी म्हटलं. "माझ्या नावाने पाठवा."

रात्री जेवायला बसलो. मिठाची बरणी आईंच्या कोपरापाशी. मी मीठ मागितलं, पहिल्याच वेळी मिळालं. ते भाजीत कालवलं.

"मला ह्यांची फार आठवण येते," मी म्हटलं.

आईंनी कानाला हात लावला. "काय म्हणालीस?"

टीव्ही बंद होता. रस्त्यावर एक गाडी नव्हती. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने, नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत.

आईंनी खुर्ची जवळ ओढली. "हं. पुढे?"

मग मी सांगत गेले. दुकानात आलेल्या कोणाचाही चष्मा हे आधी स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, ते. आईंनी ह्यांच्या लहानपणचं सांगितलं. शेजाऱ्यांच्या मांजराला त्यांनी तारेचा चष्मा केला होता आणि मांजर तो घालून तीन घरं फिरून आलं होतं. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. हसता हसता आईंना ठसका लागला. जेवण गार झालं.

भांडी दोघींनी घासली. आईंनी नळ अगदी बारीक सोडला होता, बोलणं ऐकू यावं म्हणून.